माथा भिंतीवर, पाय खाली

मी एक टीपॉय बोलतोय. तुम्ही म्हणाल, टीपॉय तर कुठे दिसत नाही. जरा वर बघा. बाहेरच्या खोलीत, दाराशेजारच्या भिंतीवर, पांढऱ्या डब्याच्या पाठीमागे तपकिरी फळी दिसते ना, तो मी. पूर्वी मला तीन पाय होते. ते कसे गेले ते सांगतो, पण सावकाश सांगतो, कारण घाईने बोलणं मला जमत नाही. आणि आधीच कबूल करतो, स्वभावाने मी जळकुटा आहे.

दोन सुतार भावांनी मला केलं. दोघांचं दुकान एकच होतं. थोरल्यांनी एका जुन्या दाराच्या फळीतून माझा माथा कापला, रंधा मारला, कडा गोल केल्या. धाकट्याने लेथवर पाय कातले. पाय कसले, तीन सुरया एकमेकींना टेकून उभ्या केल्यासारखे. खिळा एकही नाही. माथ्याला तीन भोकं, त्यांत पाय बसवलेले आणि वरून लाकडाची पाचर. घरात तेव्हा नवा फोन यायचा होता, त्याच्यासाठी मला घडवलं.

पहिल्याच दिवशी एक पाहुणे आले. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "वा! पाय कुणी केले हो?"

माथ्याचं कुणी नाव काढलं नाही. मी म्हणजे खरं तर माथाच, कारण विचार करायचं काम माझ्याकडे. पाय नुसते उभे राहायचे, आणि कौतुक मात्र त्यांचं. त्या दिवशी मला पहिल्यांदा जळजळ झाली.

थोरले पाहुण्यांना म्हणाले, "आमच्याच दुकानात केलेत." धाकटा तिथेच पाण्याचा पेला घेऊन उभा होता. 'माझ्या भावाने केलेत' असं म्हणायला फार श्वास लागला नसता. पण थोरले बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. त्यांच्या पोटात काय होतं ते मला कळलं, कारण माझ्या पोटात तेच होतं.

पुढे माझ्यावर फोन आला. काळा, जड, बटणांचा, ऐटबाज. त्याच्यावर झाकायला वहिनींनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोने, क्रोशाचा रुमाल विणला. मला रुमाल नाही. फोन वाजला की घरदार धावत यायचं. धावताना गुडघा आपटायचा माझ्यावर, आणि शिव्याही मीच खायच्या. "हा टीपॉय मेला मध्येच!" हसून बोलायचं ते फोनशी.

माझ्या वाट्याला एकच गोष्ट आली. बोलता बोलता कागद सापडत नसे, मग ज्याला जो नंबर ऐकू येईल तो पेन्सिलीने माझ्यावर लिहून ठेवायचा. डॉक्टरांचा, शाळेचा, गॅसवाल्याचा. वहिनींनी तर एकदा स्वेटरचे टाकेही लिहिले होते. माझं अंग त्या आकड्यांनी भरून गेलं. मला ते आवडायचं. फोनला बोलता यायचं, पण लक्षात मी ठेवायचो.

दुकानात गिऱ्हाईक यायचं ते धाकट्याला विचारायचं. "तुमच्या भावाकडूनच करून हवंय," असं थोरल्यांच्या तोंडावर सांगायचं. थोरल्यांचं काम भक्कम, पण भक्कमपणा डोळ्यांत भरत नाही. एकदा घरी, माझ्याशेजारी बसूनच, धाकटा म्हणाला, "दादा, एकदा तरी म्हण ना, बरं झालंय म्हणून."

"बरं नसतं तर दुकानात ठेवलं असतं का?" थोरले म्हणाले आणि चहा ओतायला उठले.

महिन्याभराने धाकट्याने दुसऱ्या गावात दुकान टाकलं. निघताना त्याने माझ्या कोपऱ्यात आपला नंबर लिहिला. इतका जोर देऊन, की पेन्सिलीचं टोक मोडलं. "लागला तर कर फोन," म्हणाला. थोरल्यांनी केला नाही. वहिनी करायच्या, त्याचाही यायचा. मग वहिनी गेल्या आणि दोन्हीकडून फोन थांबले. थोरले रोज सकाळी मला पुसायचे, पण त्या कोपऱ्यावरून ओलं फडकं कधी फिरवत नसत. हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणालाही नव्हतं.

सगळ्यांच्या खिशात फोन आले तेव्हा काळ्या फोनची ऐट उतरली. रुमालावर धूळ बसली. मी मनातल्या मनात खूप हसलो. वाटलं, आता आपण दोघे बरोबरीचे.

तेवढ्यात तो पांढरा डबा आला.

थोरल्यांच्या सूनबाईंनी मागवला. त्यांना घरून ऑफिसचं काम करायचं होतं. डब्यातून नेटही येतं आणि जुना फोनही त्यालाच जोडता येतो, नंबर तोच राहतो. पहिले आठ दिवस डबा माझ्यावरच ठेवला होता, फोनच्या शेजारी. हिरवे दिवे लुकलुकत असायचे आणि सगळं घर त्यांच्याकडे बघून सुखदुःख ठरवायचं. "हिरवा आहे ना? बरं झालं!" मी एवढी वर्षं भार वाहिला, माझ्याकडे बघून कुणाला बरं वाटलं नाही.

पण आतल्या खोलीत नेट पोचेना. नेटवाला आला, खांद्याला पिशवी, हातात ड्रिल. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, हे इतकं खाली ठेवलंय ना, म्हणून. भिंतीवर घेऊया."

म्हणजे दोष माझा! उभ्या जन्मात मी कुणाचं काही अडवलं नव्हतं.

त्याने भिंतीला भोक पाडलं, प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला. गिट्टी गिलाव्यासकट भुरभुर खाली. दुसरं भोक, तेच. तिसऱ्याला मूठभर भिंतच पडली. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

"भिंत पार भुसभुशीत आहे," नेटवाला डोकं खाजवत म्हणाला. "मागे फळी लागेल. लांब लांब स्क्रूने फळी पक्की करू, तिच्यावर डबा."

"सुताराच्या घरात फळीला काय तोटा?" सूनबाई म्हणाल्या.

थोरल्यांनी पलंगाखालून दोन तुकडे काढले. एक अपुरा, दुसरा वाळवीने खाल्लेला. मग सूनबाईंची नजर माझ्यावर आली. "बाबा, याचा माथा बरोबर बसेल. नाहीतरी अडगळच झालीय."

थोरले माझ्यापाशी आले. फोन उचलून खिडकीत ठेवला, मला उलटं केलं आणि हातोडीने अलगद एकेक पाय सोडवला. पाचर निघाली तेव्हा मला कळलं, इतकी वर्षं ज्यांच्यावर जळलो ते माझ्या अंगात किती खोल होते.

"आणि ते नंबर घालवा हो," सूनबाई म्हणाल्या. "भिंतीवर घाण दिसेल."

सुताराच्या हातात फळी आणि पॉलिश पेपर आला की हात डोक्याला विचारत नाही. थोरल्यांच्या हातानेही विचारलं नाही. खसखस, खसखस. गॅसवाला गेला. डॉक्टर गेले. शाळा गेली. स्वेटरचे टाके गेले. हात कोपऱ्यापर्यंत पोचला, दोनदा फिरलाही, आणि एकदम थांबला.

थोरल्यांनी भुसा फुंकला. पेन्सिलीचा काळेपणा पुसला गेला होता. "अरे, हे काय केलं मी," ते हळूच म्हणाले. तो नंबर दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आहे, माझ्याकडे आहे! त्यांनी सवयीने अंगठा फिरवला आणि अंगठा अडकला. धाकट्याने दिलेला जोर. काळेपणा गेला, खाच राहिली. थोरल्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने एकेक आकडा वाचला.

"एवढा कोपरा राहू दे," ते सूनबाईंना म्हणाले. "आणि डबा त्याच्यावर येता कामा नये."

नेटवाला मला घेऊन शिडीवर चढायला लागला. "छताजवळ लावतो, आजोबा. जितकं उंच तितकं चांगलं."

"माझा हात पोचेल इतकंच उंच."

"अहो, रेंज..."

"हात पोचेल इतकंच."

असं माझं बस्तान इथे बसलं. डबा माझ्या पोटावर, कोपरा मोकळा. खिडकीतल्या फोनची लांब वायर डब्याला जोडली. नेटवाला म्हणाला, "आता कुणाला तरी फोन लावून बघा. समोरून आवाज आला की मी सुटलो."

"यांना नको, मीटिंगमध्ये असतील," सूनबाई म्हणाल्या. "कुणाला लावायचा, बाबा?"

थोरले भिंतीपाशी आले. डावा अंगठा माझ्या कोपऱ्यावर ठेवला आणि एकेक आकडा सांगत गेले. सूनबाई दाबत गेल्या. मग सूनबाईंनी रिसीव्हर थोरल्यांच्या हातात दिला.

घंटी बरीच वाजली. मग उचलला. माझ्या पोटावरच्या डब्यातून तो आवाज गेला, म्हणून मलाही ऐकू आला.

"हा तर घरचा नंबर... दादा?"

थोरल्यांनी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. नेटवाला खुणेने विचारत होता, येतोय ना आवाज? थोरल्यांनी मान हलवली.

"दादा, बरा आहेस ना? बोल की."

"टीपॉयचे पाय," थोरले म्हणाले. "टीपॉयचे पाय फार सुंदर केले होतेस रे."

 

"इतक्या वर्षांनी हे सांगायला फोन केलास?" धाकटा म्हणाला. हसत होता की काय कोण जाणे.

"हो. आणि ते आता मोकळे पडलेत. नवा माथा करतोय. बसवायला ये."

"पाचर मी मारणार."

"तूच मार."

त्याला आता चार दिवस झाले. पाय कोपऱ्यात जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेत. थोरले खाली बसून नव्या फळीवर रंधा मारतात. फळी माझ्यापेक्षा रुंद आहे, रेघा सरळ आहेत. रविवारी धाकटा येईल, तीच फळी त्या पायांवर बसेल, फोनही तिच्यावरच जाईल. मी वरून बघतो आणि जळतो. डब्यावरचा राग गेलाय, तो बिचारा माझ्या आधाराने उभा आहे. पण त्या फळीचा हेवा काही जात नाही.

तुम्हाला एकच विनवणी. कुणाच्या हातचं काम आवडलं, तर त्याला तिथल्या तिथे सांगा. मला तोंड नव्हतं म्हणून राहून गेलं. तुम्हाला आहे.

आणि पायांनो, चादरीत ऐकू येत असेल तर ऐका. तुम्ही खरंच सुंदर होता. बोललो एकदाचं.