नंतर आठवण कर

मित्रांनो, मी एक जुनं, फुकट सॉफ्टवेअर आहे. घरात नवा कंप्युटर आला की त्यात जी चार कामाची सॉफ्टवेअरं टाकतात, त्यांतलं सगळ्यात शेवटचं. गाणी वाजवणाऱ्याला सगळे हौसेने बोलावतात, मला मात्र विम्याच्या एजंटासारखं टाळतात. माझं काम एकच: तुमच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवणं. मला घडवणाऱ्या माणसाने मोबदला मागितला नाही, त्यामुळे मलाही कोणी किंमत दिली नाही.

मी राहत असे मामा-मामींकडे. मामांनी उभं आयुष्य बसस्थानकावर घोषणा केल्या. मग घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही. भाचीने नवा कंप्युटर आणून जेवणाच्या टेबलावर मांडला, आवाज रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर टाकलं, शेजारी मला टाकलं.

"मामा, पुढे लागतील ती वाक्यं आत्ताच बोलून ठेवा. मग नुसतं बटण दाबायचं."

मामांनी घोषणेच्या सुरात वाक्यं भरली. "चहा हवाय." "पंखा बंद कर." "तुझंच बरोबर आहे." "मीठ कमी आहे."

"हे शेवटचं कशाला मेलं?" मामी म्हणाल्या. "आता तरी गपगुमान जेवाल असं वाटलं होतं!"

ऑपरेशन झालं. मामांचा आवाज उरला तो त्या कंप्युटरात. मी रोज विचारत असे, "बॅकअप घ्यायचा का?" मामा रोज 'नंतर आठवण कर' दाबत. मी आठवण करत असे. पुढेपुढे तर मी विचारण्याआधीच त्यांचं बोट तिथे जाऊन बसलेलं असे.

शेवटी भाचीने फोनवर झापलं, तेव्हा मामींनी 'हो' दाबलं. कुठे ठेवू, असं मी विचारलं. मामींनी त्याच कंप्युटरात नवं फोल्डर काढलं आणि त्याला नाव दिलं 'अगदी सुरक्षित'. मला ओरडायचं होतं. पण माझ्यात ओरडायची सोय नाही. मी निमूटपणे प्रती ठेवल्या आणि हिरवी खूण दाखवली.

"गुणी आहे हो!" मामी म्हणाल्या. जन्मात मिळालेलं ते एकमेव कौतुक.

एका सकाळी डिस्क कुरकुरली आणि थांबली. दुरुस्तीवाल्याने पुष्कळ खटपट केली.

"डिस्क गेली, मावशी. काही हाती लागत नाही."

"जाऊ दे की. आमच्याकडे दुसरी प्रत आहे."

"कुठे?"

"ह्यातच."

दुरुस्तीवाला बराच वेळ एक स्क्रू घट्ट करत राहिला. स्क्रू आधीच घट्ट होता.

पुन्हा नवा कंप्युटर आला. आम्हां सॉफ्टवेअरांना पुनर्जन्म असतो, आणि दुर्दैवाने मागचं सगळं आठवतं. भाचीने ह्या खेपेला वेगळी डिस्क जोडली. मी विचारलं आणि मामांनी क्षणात 'हो' दाबलं. मी प्रामाणिकपणे कळवलं: 'शून्य फाइली सुरक्षित ठेवल्या.' सोबत हिरवी खूणही दाखवली. ती मला आवरता येत नाही.

मित्रांनो, मला फुकट म्हणा, कटकट्या म्हणा, पण मी विचारीन तेव्हा ऐका. आणि दुसरी प्रत पहिलीच्या कुशीत झोपवू नका; बुडताना दोघी एकदम बुडतात.

त्या दिवशी मामींनी भाजीत मीठ घातलंच नाही. वाढलं आणि समोर बसून मामांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मामांनी सगळी भाजी संपवली आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं.