शकुनाची क्लिप

मित्रांनो, मी एक जुनी क्लिप आहे आणि मी रागावलेली आहे. आमच्यासारख्यांनी आपली कहाणी सांगताना गळा दाटून आणावा, अशी रीत आहे. ती मला जमणार नाही. माझ्या वाट्याला हेळसांड आली असती, तर मी एखादे वेळी रडलेही असते. पण माझे वाटोळे झाले ते कौतुकाने.

मी मुळात पियानोची तार. युक्रेनमधल्या पोल्तावा शहराच्या संगीतशाळेने एक मोडका पियानो अंगणात काढून टाकला, तेव्हा ग्नातने त्याच्या तारा सोडवून घरी आणल्या. ग्नात म्हणजे आमच्या शहरातला छोटी विमाने उडवणारा नावाजलेला गडी. त्या विमानांची मुठीत मावणारी इंजिने तो स्वतः घडवी. त्याने एका सळईवर तार घट्ट गुंडाळली, एकेक वेटोळे कापले आणि मसुराच्या दाण्याएवढ्या आम्हा क्लिपा तयार झाल्या.

आमचे काम ऐकायला क्षुल्लक वाटते. इंजिनात पिस्टन खालीवर धावतो. पिस्टन आणि रॉड यांना जोडणारी एक आडवी पिन असते. त्या पिनेच्या दोन्ही टोकांना, पिस्टनमधल्या बारीक खाचेत, एकेक क्लिप बसते आणि पिनेला बाहेर सरकू देत नाही. पिन सरकली किंवा आम्ही निसटलो, तर सिलिंडर आतून ओरबाडला जातो आणि महिनोन् महिने घासून जुळवलेले इंजिन क्षणात भंगार होते. तरी बक्षिसाच्या फोटोत पिस्टन मिरवतो. आमचे नाव निघते ते आम्ही जमिनीवर पडलो की, आणि तेही शिव्यांसकट.

मला बसवले सोलोमियाने. ती ग्नातची धाकटी बहीण. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवले आणि हे कामही त्यानेच शिकवले. ती आधी इंजिनाच्या पोटात चिंधी कोंबायची, म्हणजे क्लिप सुटली तरी आत पडू नये. मग इंजिन आणि आपले दोन्ही हात एका पारदर्शक पिशवीत घालायची, कारण आमची जात उडणारी. चिमट्याने दाबून तिने मला खाचेत सोडले. माझी उघडी बाजू खाली ठेवली, कारण ती आडवी राहिली तर पिस्टनच्या हिसक्यांनी आम्ही दबतो आणि बाहेर पडतो. ‘टक्’ असा आवाज आला. तरीही तिने सुईच्या टोकाने मला ढकलून पाहिले. मी तसूभरही हलले नाही, तेव्हा कुठे ती हसली. असे माणूस भेटले की काम करायला हुरूप येतो.

आता आमचा नियम ऐका. स्प्रिंगचा ताण हीच आमची ताकद. पण बाहेर काढताना चिमटा आम्हाला मुरडतो आणि मग आम्ही पुन्हा पहिल्यासारख्या ताठ उघडत नाही. म्हणून इंजिन उघडले की जुन्या क्लिपा टाकायच्या आणि नव्या घालायच्या. हा नियम सोलोमियाकडून ग्नातनेच घोकवून घेतला होता. गुरूच तो, त्याला कोण शिकवणार?

त्या उन्हाळ्यात आम्ही शहराची शर्यत जिंकलो. या शर्यतीत तीन विमाने एकाच वर्तुळात फिरतात. मध्यभागी उभ्या असलेल्या पायलटांच्या हातांशी ती पोलादी तारांनी बांधलेली असतात. वर्तुळाबाहेर मेकॅनिक असतो. इंधन संपून विमान उतरले की तो ते झेलतो, इंधन भरतो, बोटाने पंखा फिरवून इंजिन चालू करतो आणि विमान सोडून देतो. ग्नात पायलट, सोलोमिया मेकॅनिक.

घरी इंजिन उघडताना दुसऱ्या बाजूची माझी बहीण टुणकन उडाली ती खिडकीबाहेरच्या गवतात. सुटली बिचारी. मी सापडले. ग्नातने मला तळहातावर घेतले, माझा मुका घेतला आणि जाहीर केले, की ही शकुनाची क्लिप आहे, इथून पुढे हीच लागेल. दुसऱ्या बाजूला दर वेळी नवी कोरी क्लिप आणि माझ्या बाजूला मीच. पाहुण्यांना तो मला भिंगाखाली दाखवी. लोक वाहवा करत. मी प्रत्येक खेपेला जराशी मिटत चालले होते, ते कोणाच्या भिंगाला दिसले नाही.

आणि शकुनाची मी एकटीच नव्हते. सोलोमियाचे उजव्या हाताचे पहिले बोटही शकुनाचे ठरले होते. पंखा उलटा फिरला की त्या बोटावर फटका बसे. सांधा सुजून बोराएवढा झाला. सोलोमिया केस कापण्याच्या दुकानात काम करते, कात्रीवर तिचे पोट. डॉक्टरने तिला बजावले, की एक उन्हाळा पंख्याला हात लावू नका, नाहीतर हे बोट कायमचे ताठ होईल. तिने ते भावाला सांगितले. भाऊ वाईट नव्हता. त्याने बोटाला बांधायला मऊ चामड्याचे टोपण शिवले, मधाचा लेप आणला. जेवणाच्या मेजावर पेला उंचावून तो सगळ्यांना सांगे, की माझी विमाने माझ्या बहिणीच्या हातगुणावर उडतात. सगळे टाळ्या वाजवत. कौतुक चोळून सांधा बरा होत असता, तर सोलोमियाचा केव्हाच झाला असता.

पुढच्या वर्षीच्या अंतिम शर्यतीआधी इंजिन पुन्हा जुळवायला घेतले. सोलोमियाने नवी क्लिप काढून ठेवली होती. ग्नातने ती बाजूला सारून मला पुढे केले. तिने मला बसवले, सुई लावली आणि मी खाचेत गरकन फिरले.

“दादा, ही ढिली पडलीय. नवी घालते.”

“चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. हिनंच जिंकून दिलंय.”

“आणि माझं बोट?”

“तुझ्या बोटातच तर सगळा गुण आहे, सोल्या. एवढी एक शर्यत काढ.”

“गेल्या साली पण एवढी एकच होती.”

पण तिने पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवला. मित्रांनो, मला तिचाही राग आला. सुईने तिला सांगितले होते, सांध्याने सांगितले होते. पण ज्याच्या हातचे खाऊन मोठे झालो, त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हेही मी पाहिले.

अंतिम शर्यतीत पहिला थांबा सुरळीत पार पडला. तिने विमान झेलले, पंखा फिरवला, ओठ चावला आणि विमान सोडले. आम्ही पुढे होतो. मी आत गरगरत होते. कधीतरी माझी उघडी बाजू आडवी झाली. मी जीव तोडून खाच धरली, पण धरायला ताणच उरला नव्हता. मी निसटले आणि पिस्टन अन् सिलिंडर यांच्यात भरडले गेले. हवेतच कर्कश आवाज झाला आणि इंजिन अडकले.

विमान घसरत सोलोमियापाशी आले. तिने पंख्याला बोट लावून पाहिले. तो जागचा हलेना. वर्तुळाच्या मध्यावरून ग्नात ओरडत होता, “फिरव! जोर लाव, फिरव!” बाकीची दोन विमाने त्याच्या डोक्यावरून भिरभिरत होती. सोलोमियाने त्याच्याकडे पाहिले. मग तिने पंख्यावरचा हात उचलला, पाठीमागे घेतला आणि पंचांना मान हलवून सांगितले, की आम्ही थांबलो.

शर्यत संपल्यावर ग्नातने तिथेच काँक्रीटवर बसून इंजिन उघडले. सिलिंडरला वरपासून खालपर्यंत चर पडला होता. त्याने माझा तुकडा उचलला.

“क्लिपनं दगा दिला,” तो म्हणाला.

दगा! काल शकुनाची होते, आज दगाबाज झाले. मला तोंड असते, तर मी भर मैदानात त्याची खरडपट्टी काढली असती. ते काम सोलोमियाने केले, तेही आवाज न चढवता.

“दगा तिनं नाही दिला, दादा. तिला कधी सुटूच दिलं नाहीस तू.”

“बरं. नवं इंजिन करू. क्लिपा दर वेळी नव्या घालू, तू म्हणशील तशा.”

“घाल. मेकॅनिकही नवा घाल.”

“असं काय बोलतेस? तुझा हातगुण—”

तिने चामड्याचे टोपण काढले आणि बोट त्याच्या डोळ्यांपुढे धरून वाकवू लागली. ते अर्ध्यावर येऊन थांबले. “हा बघ हातगुण. याच्या खाली येत नाही. उद्या कात्री कशी धरू, तेवढं सांग.”

ग्नातने ते बोट हातात घेतले. वर्षभर त्याचे गुणगान गाणाऱ्याने ते नीट पाहिले, ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग तो मला आठवण म्हणून खिशात ठेवू लागला. सोलोमियाने मला त्याच्या हातून घेतले आणि लोखंडाच्या किसाच्या डब्यात टाकून दिले.

मित्रांनो, माझा मान कोणी राखला असेल, तर तो तिने, त्या डब्यात. मला जपून ठेवू नका, माझा मुका घेऊ नका. माझे काम झाले की मला टाका आणि नवी घाला. आणि तुमच्या घरात असे कोणी असेल, ज्याच्यावाचून आमचे पानही हलत नाही असे तुम्ही चारचौघांत अभिमानाने सांगता, तर त्याची पाठ थोपटण्याआधी त्याचे बोट एकदा वाकवून बघा.