निवडक औषध आणि वहिनींचा घेवडा

शेतकी कार्यालयाच्या सभागृहात त्या दिवशी तणनाशकांवर व्याख्यान होतं. पंखा एकच, आणि तोही साहेबांच्या डोक्यावर. अधिकारी तरुण, हुशार, मन लावून काम करणारे. "आंतरप्रवाही, स्पर्शजन्य, उगवणपूर्व, निवडक, अनिवडक..." असं ते भराभर सांगत होते आणि मध्येच विचारत होते, "लक्षात आलं ना?"

"हो, साहेब!" सगळं सभागृह एका सुरात म्हणत होतं.

खरं सांगायचं तर कुणाच्याही फारसं काही लक्षात आलं नव्हतं. पण तसं म्हणायचं कुणी? शेजारचा हसला तर? आणि शेतकऱ्यांनाच कशाला नावं ठेवायची! दवाखान्यात डॉक्टर काहीतरी लांबलचक नाव सांगतात, आपण गंभीर चेहरा करून "बरं, बरं" म्हणतो आणि बाहेर येऊन बायकोला विचारतो, "काय म्हणाले गं ते?" हा रोग सगळीकडचाच आहे.

पहिल्या रांगेत पंडित बसला होता. हे त्याचं टोपणनाव. एकही व्याख्यान तो चुकवत नसे आणि ऐकलेला प्रत्येक अवघड शब्द त्याला जसाच्या तसा पाठ असे. त्यामुळे कुणाच्या पानावर डाग दिसो की मुळाला गाठ येवो, लोक आधी पंडितला गाठत. त्यालाही ते आवडायचं. का आवडू नये? चारचौघांत मान मिळाला की कुणाची छाती फुगत नाही?

व्याख्यान ऐकून पंडित घरी येतो तर दारात वहिनी उभ्या. पंडितच्या थोरल्या भावाच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. दादा अंथरुणावर, त्यामुळे शेताचा सगळा भार वहिनींवर. या हंगामात त्यांनी सगळ्या रानात घेवडाच लावला होता आणि घर त्यावरच चालायचं होतं. घेवडा फुलावर आला होता खरा, पण तणही कमरेला लागलं होतं आणि खुरपायला माणूस मिळत नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही मक्यावर तणाचं औषध मारलंत ना, ते उरलंय का? घेवड्यावर चालेल?"

"न चालायला काय झालं? निवडक औषध आहे ते, वहिनी! आजच साहेबांनी सांगितलं. निवडक म्हणजे फक्त तण निवडून मारतं, पिकाला धक्का लावत नाही."

वहिनींनी विचारलं, "पण पीक कुठलं आणि तण कुठलं, हे त्या औषधाला कसं कळतं?"

पंडित हसला. "अहो, शास्त्र आहे ते! एवढ्या खोलात तुम्ही कशाला शिरता? माझा मका बघा की. तण गेलं, मका तसाच!"

मका डोळ्यांसमोर डोलत होता. आणि दीर हसल्यावर पुन्हा तेच विचारायचं म्हणजे संकोच. वहिनी बाटली घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्यांनी पाठीवर पंप घेऊन सगळं रान फवारून काढलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी घेवड्याचे शेंडे पिळवटून खाली आले. पानं द्रोणासारखी वळली, देठ वेडेवाकडे झाले. आणि गंमत बघा, बांधाकडेचं गवत मात्र हिरवंगार!

पंडित धावत आला. आधी म्हणाला, औषध जास्त पडलं असेल. मग म्हणाला, पंप नीट धुतला नसेल. वहिनींनी एक वेल मुळासकट उपटला, दादांच्या उशाशी पाणी ठेवलं आणि पायात चपला घालून शेतकी कार्यालयाकडे निघाल्या. पंडित मागोमाग गेला.

अधिकाऱ्यांनी वेल पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हे औषध घेवड्यावर मारलंत? अहो, हे रुंद पानाच्या झाडांना मारणारं औषध आहे! मक्याचं पान अरुंद, गवतासारखं, म्हणून मका वाचतो. घेवड्याचं पान रुंद. त्याला हे मारणारच. निवडक म्हणजे एका जातीच्या झाडांना मारतं आणि दुसऱ्या जातीच्यांना सोडतं. त्यातलं पीक कुठलं आणि तण कुठलं, हे औषधाला काय ठाऊक? ते आपण बघायचं."

"नेमकं हेच मी विचारलं होतं," वहिनी म्हणाल्या.

पंडितची मान खाली गेली.

"पण मी सभेत सांगितलं होतं," अधिकारी म्हणाले.

"सांगितलंत, साहेब. पण समजावलं नाहीत. भाऊजींनी ऐकलं, पण समजून घेतलं नाही. आणि मी विचारलं, पण ते हसले तशी गप्प बसले. चुकलो तिघं आणि गेला माझा घेवडा! आता घरी जाऊन अंथरुणावरच्या माणसाला काय सांगू?" एवढं बोलून त्यांना रडू आवरेना.

अधिकाऱ्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

परतताना पंडित अर्ध्या वाटेत एकदम थांबला. "वहिनी, पलीकडच्या सूर्यफूलवाल्यालाही मी हेच सांगितलंय. सूर्यफुलाचं पानही रुंदच! उद्या मारणार आहे तो!"

"मग उभे काय राहिलात? जा!"

"जातो. सांगतो, उद्या वारा आहे, मारू नकोस."

"आणि वारा पडल्यावर?" वहिनी कडाडल्या. "भाऊजी, तुम्हाला माहीत नव्हतं, याचा मला राग नाही. मलाही नव्हतं. माहीत नसताना माहीत असल्याचं दाखवलंत, याचा आहे. अजून किती शेतं जाळणार आहात त्या मोठेपणापायी?"

पंडित गेला. सूर्यफूलवाला चार शेजाऱ्यांसोबत ओट्यावर बसला होता, पंप शेजारीच धुऊन ठेवलेला. आता या चौघांदेखत सांगायचं! पण डोळ्यांसमोर पिळवटलेला घेवडा होता.

"ते औषध मारू नकोस. सूर्यफूल मरेल. मी तुला चुकीचं सांगितलं. निवडकचा अर्थ मला माहीतच नव्हता."

मग सूर्यफूलवाला हळूच म्हणाला, "आम्हाला तरी कुठं माहीत होता! तू पुढं बसून मान हलवायचास, म्हणून आम्ही मागं हलवायचो."

सूर्यफूल वाचलं. घेवडा मात्र वाचला नाही. दादांना सगळं खरं सांगितलं, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस ते भावाशी बोलले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पंडितने स्वतः ते रान नांगरून दिलं, पेरून दिलं. हंगाम मागं पडला तो पडलाच.

पुढच्या सभेत अधिकारी एका हातात मक्याचं पान आणि दुसऱ्या हातात घेवड्याचं पान घेऊन आले. एकेक शब्द सावकाश उलगडू लागले आणि लोक विचारू लागले. उगवणपूर्व म्हणजे? "पेरल्यावर, पण काही उगवायच्या आत मारायचं." स्पर्शजन्य? "जिथं थेंब पडेल तेवढाच भाग मारतं. कीटकनाशकातही हे दोन प्रकार असतात, स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही."

"आणि आंतरप्रवाही म्हणजे?" मागून एका भाजीवालीने विचारलं. तिचा स्वतःचा वांग्यांचा मळा होता.

"झाड ते आत ओढून घेतं. पानात, खोडात, फळातसुद्धा. वरून कितीही धुतलं तरी जात नाही. म्हणून बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय फळ तोडायचं नाही."

बाई उभीच राहिली. "आम्ही तर किडीचं औषध मारून दुसऱ्याच दिवशी तोडतो, साहेब. स्वच्छ धुऊन पाठवतो."

सभागृहातले सगळेच तसं करत होते. किती वर्षं, किती घरांत ती भाजी गेली, कुणाच्या लेकराच्या ताटात पडली, कोण सांगणार?

मंडळी, शब्द पाठ असणं वेगळं आणि अर्थ कळणं वेगळं. समजलं नसेल तर तिथल्या तिथे उभं राहून विचारा. कुणी विचारलं तर हसू नका. आणि स्वतःला माहीत नसेल तर सरळ सांगा, मला माहीत नाही. आपल्या खोट्या "हो"ची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कुणाला तरी भरावी लागते, आणि त्या माणसाला आपण कधी बघितलेलंही नसतं.