निजवलेली नाव

मनकर्णाने भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खालची माती कोरडी आणि थंड होती. हात काढून तिने वर पाहिलं. पालथी घातलेली नाव एका अंगाला कलली होती. तिच्या कोपऱ्याखालचा लाकडी ठोकळा त्याच भेगेच्या कडेवर तिरपा झाला होता. दोन फळ्यांमधल्या सांध्यात तिने तुरीची काडी खोचून ठेवली होती. काल ती घट्ट होती. आज बोट लागताच खाली पडली.

कार्तिकात पूर्णेचं पाणी उतरलं की नाव काठावर ओढायची, पालथी घालून करंजाचं तेल पाजायचं आणि अखाडापर्यंत निजू द्यायची, ही भोयांची रीत. डोलकाठी घरात आढ्याला टांगलेली, शीड कडुनिंबाचा पाला घालून घडी केलेलं. दरवर्षी तिचे सासरे नत्थुजी नाव देवळामागच्या मुरमाच्या टेकाडावर निजवत. यंदा टेकाडावर व्यापाऱ्यांच्या कापसाच्या गंज्या लागल्या होत्या. विलायतेला कापूस पुरत नव्हता म्हणे. गावात रिकामा माणूस सापडेना की बैल सापडेना. तिचा नवरा पुंजाराम कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला निघायच्या घाईत होता. त्याने नाव नदीलगतच्या काळ्या मातीच्या वावरातच टेकवली. तेव्हा जमीन ओली होती. ठोकळे लोण्यात बसावेत तसे बसले.

"बाबाले सांगू नको," जाताना तो म्हणाला. "मुरमावरच हाये म्हन."

नत्थुजींना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ही नाव त्यांनी नजर असताना बांधलेली शेवटची. पुंजारामाला वल्हं चांगलं येई, पण फळीला फळी जुळवणं त्याला कधी साधलं नाही. नाव फाटली तर पावसाळ्यात माणसं पैलतीरी सोडायचं उताराचं काम दुसऱ्या घरी जाणार, आणि एकदा गेलेलं परत येणार नाही, हे मनकर्णाला न सांगता कळत होतं.

"नाव बरी हाये ना?" जेवताना नत्थुजी विचारत.

"बरी हाये, मामाजी."

"मुरूम हालत नाई. काया मातीचं काई खरं नसते."

ती भाकरीचा तुकडा मोडून तसाच हातात धरून बसे.

काडी पडली त्या दिवशी ती आधी घरी गेली नाही. तडक किसनरावांच्या वावरात गेली. बाया ओळीने कापूस वेचत होत्या. पार्वताबाई सगळ्यांच्या पुढे होती.

"मावशी, नाव उचलाची हाये. टेकाडावर न्याची."

"अन् नवरा कुठी गेला तुया?"

"गाड्यावर."

"म्हनजे निजवली त्यानं अन् कंबर मोडाची आमची!" बाया हसल्या. पार्वताबाईही हसली, मग एकदम थांबली. "निजवलेल्या नावेले बाईचा हात लागत नाई वो. बुढ्याले कयलं तं?"

"फाटून राहिली, मावशी."

पार्वताबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओटीतला कापूस टोपलीत रिकामा केला.

"हात नाई ना लावाचा? खांदा लावू. खांद्याचं कोनी काई सांगतलं नाई. चला वो, उठा!"

बायांनी लुगडी खोचली, नावेखाली बांबू सरकवले. उचलताना आतून लाकूड करकरलं.

"थांबा!" मनकर्णा ओरडली.

सगळ्या वाकलेल्या तशाच थांबल्या. पुन्हा आवाज झाला नाही. मग पाऊल पाऊल, मधे टेकवत, पार्वताबाईच्या शिव्या खात, ती जड नाव वर गेली. बऱ्याच गंज्या गाड्यांवर चढून गेल्या होत्या. टेकाडावर जागा होती. मनकर्णाने सांध्यावरून बोट फिरवलं. नख आत जात होतं. फळी मात्र चिरली नव्हती.

ठोकळे आणायला ती आणि पार्वताबाई खाली उतरल्या. तीन ठोकळे तिरपे होते. चौथा, मागच्या अंगाचा, सरळ होता. तो कडब्याच्या पेंढ्यांआड असल्यामुळे तिथे ती कधी वाकली नव्हती. तिने तो बाजूला सारला. खालची भेग मुरमाच्या खड्यांनी भरलेली होती, एकेक खडा चेपून बसवलेला.

"पुंजारामानं जाताना भरले असतीन," पार्वताबाई म्हणाली.

मनकर्णाने एक खडा नखाने उकरून काढला. पुंजाराम गेला तेव्हा जमिनीला भेग नव्हती.

ती घरी आली तेव्हा नत्थुजी ओट्यावर दोर वळत बसले होते. ओट्याखाली त्यांना एकटं उतरताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"मामाजी, चला. नावेचा एक सांधा उघडला. राळ कुठी भराची ते पाहून सांगा."

दोरावरचे हात थांबले.

"पाहून? मी?"

"बोटानं."

ते काठी घेऊन उठले. तिने आधाराला हात पुढे केला, पण ते तोवर पायऱ्या उतरून पुढे झाले होते. ती मागून चालू लागली. नाव इतके दिवस कुठे होती आणि ती कोणी हलवली, हे कसं सांगावं याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि मोडत होती.

देवळापाशी वाट फुटत होती. एक टेकाडावर चढणारी, एक वावरात उतरणारी. नत्थुजींचं पाऊल अडखळलं नाही. ते सरळ वावराच्या पायवाटेला लागले. बांधाच्या अलीकडची मोठी भेग आली, तेव्हा काठीने न चाचपता त्यांनी ती ओलांडली.

"मामाजी," मनकर्णा म्हणाली. "तिकडं नाई. वर."

नत्थुजी थांबले. मग वळून त्यांनी तिच्यासाठी हात पुढे केला.