नळाला बांधलेलं फडकं

मावशींनी न्हाणीघरातल्या गळक्या नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, वरून नाडी करकचून आवळली आणि फडक्याचं टोक खाली बादलीत सोडलं. मग कान देऊन ऐकलं. टपटप थांबली होती. पाणी आता आवाज न करता फडक्यावरून उतरत होतं.

"आई, काय चाललंय आत?" सुनेनं पलंगावरून विचारलं.

"काही नाही गं. बादली घासतेय."

खरं सांगितलं असतं तर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनेनं त्यांना वेड्यातच काढलं असतं. मावशी गेली कित्येक वर्षं राहत्या घरातच पाळणाघर चालवत होत्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. इतर पोरांचं ऐकून त्यांचा पोटचा मुलगाही शाळेत जाईपर्यंत त्यांना मावशीच म्हणत होता. आता तो जहाजावर नोकरीला होता आणि फोनवर चुकून अजून म्हणायचा. पोरांना शू करायला लावण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. नळ बारीक सोडायचा आणि कानाशी 'सूऽऽ' करायचं, की कितीही हटवादी पोर असो, मोकळं व्हायचंच.

आज मात्र त्यांना उलटं हवं होतं. सुनेच्या पोटातल्या बाळानं शू धरून ठेवायला हवी होती.

सकाळीच डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं होतं. नुकता सहावा महिना लागलेलं बाळ आणि त्याच्या ओटीपोटात टम्म फुगलेला काळा फुगा. शूची वाट आतच अडली होती, मूत्राशय ताणलं गेलं होतं आणि बाळाभोवतीचं पाणी आटत चाललं होतं.

"शू अडली तर भोवतीचं पाणी कसं आटेल?" मावशींनी विचारलं होतं.

"या दिवसांत ते पाणी म्हणजे जवळजवळ सगळी बाळाची शूच असते, मावशी. बाळ ते पितं, पुन्हा सोडतं. ते पाणी असलं तरच त्याची फुप्फुसं नीट वाढतात."

मावशींचा हात तोंडावर गेला. जिच्या नावानं जन्मभर बोटं मोडली, जिची दुपटी धुऊन हातांची सालटी निघाली, तिच्यातच माणूस घडतो! इतकी पोरं वाढवली आणि एवढी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती, याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

मग पडद्यावर बघत बघत डॉक्टरीणबाईंनी लांब सुईनं तो फुगा रिकामा केला. थोडी शू तपासायला पाठवली.

"परवा या. पुन्हा भरलेलं दिसलं, तर मूत्रपिंडं काम करताहेत असं समजायचं. मग बारीक नळी बसवून शूला वाट करून देता येईल."

"आणि नाही भरलं तर?" सुनेनं विचारलं.

"तर नळी बसवूनही हाती काही लागणार नाही."

म्हणून ते फडकं. बाळाला बाहेरचं ऐकू येतं म्हणतात. टपटप ऐकून सोडून दिली तर? वाटच बंद आहे, हे मावशींना कळत होतं. पण कळलं म्हणून जिवाची घालमेल थोडीच थांबते. दुसऱ्या दिवशी दुपारी सून झोपलीय असं बघून त्या तिच्या पोटाशी वाकल्या.

"धरून ठेव हं बाळा," त्या कुजबुजल्या. "अजून थोडंच."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र फिरवत राहिल्या. सुनेनं छताकडे बघत मावशींचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतत होती.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पडद्यावर काळा फुगा होता. पुन्हा टम्म.

"भरलं! अगं, भरलं!" मावशी एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की नर्स दार उघडून डोकावली.

ज्या फुग्याकडे परवा बघवत नव्हतं, त्यालाच त्या हात जोडून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडंही दाखवली. घेवड्याच्या दाण्याएवढी ती दोन, तिथल्या अंधारात कुणी न शिकवता, कुणी न सांगता थेंब थेंब गाळत बसली होती. मावशींना रडू आवरेना.

तपासणीचा निकालही चांगला आला होता. त्याच दुपारी सुनेच्या पोटातून बाळाच्या मूत्राशयात नळी बसवली. तिचं दुसरं टोक बाळाच्या अंगाबाहेर, भोवतीच्या पाण्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पडदा लावला. फुगा बसला होता आणि बाळाच्या पाठीमागे पाण्याची काळी पट्टी रुंदावली होती.

"हे त्यानं स्वतःच केलेलं पाणी," त्या म्हणाल्या. "जन्मल्यावर ऑपरेशन लागेल. पल्ला लांबचा आहे. पण आज शू झाली."

मावशींनी हजारदा ऐकलेली बातमी होती ती. अशी कधी ऐकली नव्हती.

घरी येऊन सून पलंगावर टेकली. मावशी तिच्या पाठीशी उशी लावत होत्या.

"आई, आता ते फडकं सोडता का?"

मावशींचा हात उशीवरच थांबला.

"कुठलं फडकं?"

"नळाचं."

"तुला... तुला ठाऊक होतं?"

सून खिडकीकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"परवा पहाटे नाडी सैल झाली होती," ती म्हणाली. "मी परत आवळली."

न्हाणीघरात जाऊन मावशी नाडीशी झटापट करू लागल्या. विज्ञानाच्या बाईंनी गाठ चांगलीच पक्की मारली होती. शेवटी दातांनी सोडवावी लागली. फडकं निघालं. पहिला थेंब बादलीत पडला, मग दुसरा.

"ऐकू येतंय का गं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"येतंय," सून म्हणाली. "आम्हा दोघांनाही येतंय."