दिवेवालीचा कंट्रोलर

मी दोन नंबरचा कंट्रोलर बोलतोय. व्हिडिओ गेम खेळताना लोक दोन्ही हातांत धरतात ना, ती बटणांची वस्तू. काहीजण मला रिमोट म्हणतात. म्हणू देत. तलवार चालवणं माझ्या नशिबी कधी आलं नाही. माझ्याकडे कायम दिवा.

एका कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईनं माझी सगळी बटणं दाबून पाहिली, अंगठ्यांचे दोन्ही दांडे गोल फिरवले, आणि मला खोक्यात भावाशेजारी निजवलं. भाऊ म्हणजे एक नंबरचा कंट्रोलर. तो काळा, मी राखाडी. एवढाच काय तो फरक.

आम्हाला घरी आणलं दादानं. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, तिचं ऐकून शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले होते. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. नखांत ग्रीस, अंगठा जाड, आणि घाई मुलखाची. त्याची बायको, म्हणजे वहिनी, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर पाणी आणि घासायचं चाक. त्यामुळे तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. आम्ही कंट्रोलर माणसं ओळखतो ती हातांवरून. चेहरे आम्हाला फारसे दिसत नाहीत, कारण खेळणारा आमच्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो.

दादानं आमच्याबरोबर एकच गेम आणला. बनवलेला अलीकडे, पण मुद्दाम जुन्या वळणाचा. सगळी चित्रं चौकोनी ठिपक्यांची. माणसाचे डोळे म्हणजे दोन ठिपके, नाक म्हणजे एक. संगीत नुसतं टिंवटिंव. डोंगराच्या पोटात बारा मजल्यांचं भुयार, अगदी तळाला एक राक्षस, आणि त्यानं गावाची पहाट चोरून नेलेली. ती परत आणायला योद्धा आणि दिवेवाली अशा दोघांनी जायचं. एकट्यानं हा गेम खेळायचाच नाही. योद्ध्याकडे तलवार, पण अंधारात त्याला दिसत नाही. दिवेवालीला दिसतं, पण तिला मारता येत नाही. एकजण पडला की वर दहापासून उलटे आकडे सुरू होतात. दुसऱ्यानं त्याच्याशेजारी उभं राहून बटण दाबून धरलं तर पडलेला उठतो. शून्य झालं की संपलं, मजला पुन्हा पहिल्यापासून.

दादा योद्धा, वहिनी दिवेवाली. म्हणजे भाऊ त्याच्या हातात, मी तिच्या.

"अगं चल ना, दिवा पुढे आण!" दादा ओरडायचा.

"तू मागे ये. दिवा माझ्याकडे आहे, तर रस्ता मीच ठरवणार."

मग तो दिव्याच्या उजेडाबाहेर धावायचा, कुठल्यातरी खड्ड्यात पडायचा, आणि वहिनी निवांत चालत जाऊन त्याला उठवायची. दहाचे तीन होईपर्यंत मुद्दाम थांबायची. "म्हण, चुकलं." "चुकलं, चुकलं, दाब लवकर!" असं करत करत ते आठव्या मजल्यापर्यंत पोचले होते.

एका सोमवारी दादा सकाळी कामावर गेला. एका उंच इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती. ती सुरू करायला तो हत्यारांची पिशवी घेऊन जिने चढत होता. सहाव्या की सातव्या मजल्यावर तो पायरीवर बसला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं, असं म्हणाले. हे मला कळलं ते फोनवरच्या बोलण्यावरून. वहिनीनं ते त्या दिवसांत इतक्या जणांना सांगितलं की शेवटी शेवटी ती दुसऱ्याच कुणाची तरी बातमी सांगतेय असं वाटायला लागलं.

आम्हा दोघा भावांना तिनं टीव्हीखालच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला. सात महिने आम्ही तिथं होतो.

दरम्यान दादाची बहीण वहिनीच्या सोबतीला राहायला आली. तिचंही दुसरं कुणी नव्हतं. आईवडील आधीच गेलेले, लग्न केलेलं नाही. ती दातांच्या कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे, त्यांत ती प्लास्टर ओतायची, मग मेणात एकेक दात बसवायची. सोबत म्हणून आली खरी, पण दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या कामापुरत्या. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का. खणाच्या फटीतून मला ऐकू यायच्या त्या फक्त ताटल्या.

एका रविवारी दुपारी तिनं साफसफाई काढली आणि खण उघडला.

"वहिनी, हे रिमोट कसले?"

वहिनी जवळ आली. मग म्हणाली, "तुझ्या दादाचं खूळ. आणि रिमोट नको म्हणूस, त्याला राग यायचा. कंट्रोलर."

"मला शिकवशील?"

त्या दिवशी वहिनीनं पहिल्यांदाच मला सोडून भावाला उचललं. दादाची जागा तिनं घेतली, आणि मी आलो नव्या हातांत. कोरडे हात, रेघांरेघांत पांढरं प्लास्टर बसलेलं. माझ्या बटणांच्या कडेला ते अजूनही थोडं आहे. जुना डाव वहिनीनं उघडला नाही, पुसलाही नाही. दोघींनी नवा सुरू केला.

आणि काय सांगू, नणंद इतकी वाईट खेळायची! दिवा घेऊन सरळ भिंतीवर जायची. उजवीकडे जायचं असलं की स्वतःच उजवीकडे कलायची, मलाही कलवायची. पहिल्याच मजल्यावर एका वटवाघळानं तिला अकरा वेळा पाडलं. अकराव्या वेळी ती चिडून म्हणाली, "या मेल्याचे दात बघ, वरचे दोन्ही चुकीचे बसवलेत!" आणि वहिनी हसली. सात महिन्यांत मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता ती रडायला लागली, नणंद मला मांडीवर टाकून तिच्याकडे सरकली, आणि पडद्यावर दोघीही वटवाघळांच्या तावडीत सापडून मेल्या.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की दोघी बसायच्या. दीड वर्षात एक रविवार चुकला असेल तर तो नणंदेच्या तापामुळे. एरवी वहिनी तिला अगं-तुगं करायची, पण खेळताना मात्र नाटकातल्यासारखं, "अहो नणंदबाई, दिवा इकडं आणायचा विचार आहे का?"

मला एक गोष्ट कळली. समोरासमोर बसून माणसांना जे बोलता येत नाही, ते दोघं एकाच पडद्याकडे बघत असली की बोलता येतं. पाचव्या मजल्यावर नणंद एकदम म्हणाली, "तुमचं लग्न ठरलं तेव्हा मी दादाला नको म्हणाले होते. ही मुलगी तुला जड जाईल, असं म्हणाले होते."

"माहीत आहे. डावीकडे बघ, साप आहे."

"तुला माहीत होतं?"

"त्यानं लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं. त्याच्या पोटात काही राहायचं का? साप, साप!"

सापानं दोघींना खाल्लं. पण नणंदेच्या हातांची पकड त्या दिवसापासून सैल झाली, हे मला जाणवलं. त्याआधी ती मला आवळून धरायची.

दादाचा आठवा मजला त्यांनी मागे टाकला. नणंद आता छान खेळत होती. वहिनीनं काही बोलायच्या आत दिवा तिच्या बाजूला असायचा. अकराव्या मजल्यावर दगडी माणसं आहेत, त्यांच्या मधून जाताना दोघांची पावलं सारखी पडावी लागतात. ते त्या दोघींना न बोलता जमायचं.

त्याच मजल्यावर, एका रविवारी, वहिनी म्हणाली, "एक सांगायचंय. दुकानात एक मास्तर येतात, गणिताचे. आधी चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून आले. मग घट्ट झाली म्हणून आले. मग काहीच कारण नव्हतं तरी आले. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय."

माझ्यावरचे अंगठे थांबले.

दिवा थांबला तसा योद्धा अंधारात गेला, आणि दगडी माणसानं त्याला पाडलं. वर आकडे सुरू झाले. दहा. नऊ.

"तू काय म्हणालीस?" नणंदेनं विचारलं.

"अजून काही नाही. आधी तुला सांगायचं होतं. उठव ना मला."

आठ. सात. दिवेवाली योद्ध्याच्या अगदी शेजारी उभी होती. नणंदेचा अंगठा बटणावर होता. मला त्याचं वजन कळत होतं. पण ती दाबेना.

"इतक्यात विसरलीस त्याला?"

चार. तीन. मग वहिनीचा आवाज आला, अगदी बारीक. "विसरले असते, तर हे तुला सांगायला मला सहा आठवडे लागले नसते."

शून्य झालं. नणंदेनं मला गादीवर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी तिथं पडून राहिलो. वहिनी भावाला हातात धरून बराच वेळ बसली. पडद्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' असं येत होतं, जात होतं.

पुढं भांडण असं काही झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटतं. नणंद 'कर, तुला वाटतं ते कर' म्हणाली, वहिनीचे कपडे नीट घड्या करून बॅगेत भरू लागली, आणि कचेरीत लग्नाच्या सह्या करायच्या दिवशी 'कवळी तातडीची आहे' म्हणून कामावर गेली. दाराशी वहिनी म्हणाली, "गेम इथंच राहू दे. तुझ्या दादाचा आहे." नणंद म्हणाली, "बरं."

सुरुवातीला दर रविवारी वहिनीचा फोन यायचा. जेवलीस का, तब्येत कशी आहे. इकडून हो, बरी. मग महिन्यातून एकदा.

एका दुपारी नणंदेनं आम्हा दोघांना बाहेर काढलं. मला आशा वाटली, वहिनी आली असेल. पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं भावाला डाव्या मांडीवर ठेवलं, मला उजव्या. मला उचलून दिवा चार पावलं पुढं न्यायची, मला ठेवायची, भावाला उचलून योद्ध्याला चार पावलं पुढं न्यायची. पुन्हा मी, पुन्हा भाऊ. एक खोली पार करायला तिला दीड तास लागला. मग दगडी माणसं आली. दोघांची पावलं सारखी पडायला हवीत. तिनं एक हात माझ्यावर, एक भावावर असं करून पाहिलं. परत परत पाहिलं.

शेवटी तिनं फोन लावला. वहिनी चटकन बोलली, "काय गं? बरी आहेस ना?" तिच्या मागून एका माणसाचा आवाज आला, "मीठ कुठं ठेवलंय?" साधा, घरातला आवाज.

"काही नाही, सहजच केला," नणंद म्हणाली. "कामात दिसतेस. ठेवते."

या गोष्टीला वर्ष झालं. मागच्या महिन्यात नणंदेनं ते घर सोडलं. तिला एकटीला ते मोठं होत होतं. सामान आवरताना, आम्हाला वहिनीकडे पाठवायचं म्हणून, तिनं आमचं खोकं शोधून काढलं आणि ओल्या फडक्यानं माझं एकेक बटण पुसलं. प्लास्टर निघता निघेना. मग वहिनीला चिठ्ठी लिहायला बसली. लिहिलेलं स्वतःशीच वाचून बघायची तिची सवय आहे, म्हणून मला ते माहीत आहे.

"वहिनी, मला तुझ्या लग्नाचा राग नव्हता. तू गेल्यावर माझं म्हणावं असं घरात कुणीच राहणार नव्हतं, त्याची भीती वाटली. हे मला नीट सांगता आलं नाही. मास्तर चांगले आहेत हे मला फोनवरूनही कळतं."

तिनं ती चिठ्ठी फाडली. दुसरी लिहिली, तीही जवळपास तशीच, तीही फाडली. तिसरी खोक्यात माझ्या अंगावर ठेवली. खोकं बंद करताना पुन्हा उघडलं, चिठ्ठी काढून घेतली. "हे वाचलं तर ती तिकडं सुखानं राहायची सोडून माझीच काळजी करत बसेल," असं ती पुटपुटली. मग चिकटपट्टी लावली.

खोकं वहिनीच्या घरी पोचलं. मास्तरांनी दार उघडून ते आत घेतलं. वहिनीनं सुरीनं पट्टी कापली, आम्हाला बाहेर काढलं, आणि खोक्यात हात घातला. तळाचा पुठ्ठा उचलून पाहिला. तारेची गुंडाळी सोडून पाहिली. खोकं उलटं करून झटकलं. मग रिकाम्या खोक्याकडे बघत ती तशीच बसली.

"काय शोधतेस?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"हा तुमचा तो गेम ना? मला शिकवशील?"

"शिकवेन. आज नको."

तिनं फोनवर लिहिलं, 'खोकं मिळालं.' थोड्या वेळानं टिंग वाजलं. नणंदेकडून अंगठा आला होता, तो चित्रातला पिवळा. वहिनी म्हणाली, "अजून राग गेला नाही तिचा." आणि तिनं आम्हाला पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं.

तिथून मी बोलतोय. मला बारा बटणं आहेत, पण त्यांतलं एकही माझं म्हणणं वहिनीपर्यंत पोचवत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या चष्म्याच्या दुकानात गेलात, आणि गुळगुळीत बोटांची एक बाई तुमच्या काचा पुसून देताना दिसली, तर तिला एवढंच सांगा की चिठ्ठी होती. तीन वेळा लिहिली होती.