पायात कोरलेला पत्ता

साहेब, माझ्यात काय लिहिलंय ते एकदाही न वाचता तुम्ही माझं नाव बदललंत. वाचायला वेळ नव्हता, बदलायला बरा होता.

मित्रांनो, मी एक जुनं वेबपान आहे. कागदाचं नव्हे, पडद्यावर उघडणारं. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत माझा जन्म झाला. तिथल्या मुख्य कारागिरांना सगळे पायवाले काका म्हणतात. हात प्लॅस्टरने पांढरे, तशाच दोन बोटांनी त्यांनी मला टाइप केलं. पाय कसा चढवायचा, संध्याकाळी आरसा धरून कातडी कशी तपासायची, पाय सैल झाला तर काय करायचं, जखम झाली तर काय करायचं नाही, हे सगळं माझ्यात आहे.

काकांचा संगणक जुन्या वळणाचा. फाइलच्या नावात टिंबानंतर तीनच अक्षरं, हा त्याचा खाक्या. म्हणून माझ्या नावाच्या शेवटी एचटीएम लागलं. ज्या संगणकांना ही अट नव्हती त्यांच्यावरच्या पानांना एचटीएमएल लागलं. फरक एवढाच. ब्राउझर आम्हा दोघांना सारखंच वाचतो. चौथ्या अक्षराने पान देखणंही होत नाही आणि पळतही सुटत नाही. पण पत्ता म्हणून ही दोन नावं वेगळी आहेत. एकाच्या नावाने हाक मारलीत तर दुसरं आपणहून ओ देत नाही.

कार्यशाळेची एक रीत होती. पाय तयार झाला की काका त्याच्या वरच्या कडेला, आतल्या बाजूने, तापलेल्या सुईने माझा पूर्ण पत्ता कोरायचे. "कागद हरवतो," ते म्हणायचे, "पाय कोण हरवतो?"

ते माझे सुखाचे दिवस होते. शिंपी, शिक्षिका, रखवालदार, सगळे मला उघडायचे. एका आजोबांनी तर फोन करून सांगितलं, "तुमचं पान माझ्या सुनेपेक्षा बरं. तेच सांगतं, पण आवाज न चढवता."

मग संस्थेचे नवे प्रमुख म्हणून तुम्ही आलात, साहेब. "बाकीच्या संस्थांची पानं बघा, चार अक्षरी. आपलं हे शेपूट तुटल्यासारखं दिसतं." पायांच्या कार्यशाळेत बसून तुम्ही मला तोडकं म्हणालात.

संगणक सांभाळणाऱ्या ताईने विचारलं, "जुन्या पत्त्याने येणाऱ्यांचं काय करायचं?"

"शोधतील की. हल्ली सगळं सापडतं."

माझ्यामागे एक अक्षर चिकटलं आणि माझं दार वाजायचं थांबलं.

एक बस कंडक्टर होते. आमचाच पाय लावून ते पुन्हा कामावर गेले होते. काही महिन्यांत पाय सैल पडला, आत घासू लागला, कातडी सोलली. त्यांनी कडेवरचा पत्ता फोनमध्ये घातला. उत्तर आलं, पान सापडत नाही. पुन्हा घातला, पुन्हा तेच. "यांनी गाशा गुंडाळलेला दिसतो," म्हणत त्यांनी पाय कपाटामागे सरकवला आणि कुबड्या काढल्या. डेपोने निरोप धाडला की उभं राहता येत नसेल तर बसवरची ड्यूटी विसरा.

हे मला कळलं ते त्यांच्या बायकोकडून. ती पाय पिशवीत घालून कार्यशाळेत आली आणि तो तिने काकांच्या टेबलावर ठेवला.

"घ्या तुमचा पाय. खोटा पत्ता कोरलात आणि माझा माणूस घरी बसवलात."

काकांनी चष्मा लावला, कड वाचली. "पत्ता खरा आहे, बाई. तिथे राहणाऱ्याचंच नाव बदललंय." आणि संगणकावर बसलेल्या ताईकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का गं?"

ताईने ऐकलं होतं. तिने तुम्हाला विचारलं नाही, साहेब. जुन्या पत्त्यावर कुणी आलं की त्याला परस्पर नव्या नावाकडे पोचवायचं, अशी सोय तिने तिथल्या तिथे केली. कंडक्टरीणबाईंनी फोन काढला, पत्ता घातला, आणि मी उघडलो. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला मोठ्याने वाचत होतं.

"सैल वाटल्यास आतून एक मोजा वाढवा." ती थांबली. "एक मोजा? एवढ्यासाठी आम्ही घरात सुतक धरलं होतं?"

"खालची ओळ पण वाचा," काका म्हणाले. "जखम भरेपर्यंत पाय चढवायचा नाही. उद्या त्यांनाच घेऊन या, मी बघतो."

जखम भरली. मोजा चढला, मग पाय चढला. आता ते बसमध्ये उभे राहून "पुढे सरका, पुढे मैदान मोकळं आहे" असं ओरडतात, आणि संध्याकाळी आरसा धरून मला उघडतात.

मित्रांनो, नाव नवं ठेवा, माझी ना नाही. पण जो पत्ता लोकांच्या हाती दिलाय, तो चालता ठेवा. कुणीतरी त्याच्या भरवशावर उभं असतं.

आणि साहेब, जुनी वाट ही अडगळ आहे, ती पुढच्या सफाईत काढून टाका, असा तुमचा हुकूम ताईच्या टेबलावर पडून आहे. ती तो पाळत नाहीये. तुम्ही तो मागे घेत नाही आहात. मग एवढं सांगा: गावोगाव चालणारा एकेक पाय परत मागवून त्यावर ते चौथं अक्षर तुम्ही स्वतः कोरणार आहात का? हो की नाही, ते बोला.